जखमेची कड

कोट काळा होता, चांगल्या लोकरीचा, आणि त्याच्या छातीवर, खिशाच्या जरा वर, वाटाण्याएवढा तपकिरी डाग होता. तिने तो टेबलावरच्या दिव्याखाली ओढला, सवयीने अंगठ्याचे नख त्याच्या कडेवरून फिरवले, आणि तिचा हात तिथेच थांबला. कड उंच होती. मध्ये खोलगट, भोवती गोल, घट्ट, नखाला अडवणारी. पडद्यातून डोके आत घालून काउंटरवाली विचारत होती; ड्रायक्लीनिंगच्या त्या दुकानात सगळे तिला रेडिओ म्हणत.

"निघेल का, विचारतायत. कॉफी सांडली म्हणे."

"कॉफी नाही. सिगारेट आहे."

"अगं हळू! बायको उभी आहे शेजारी. वर्ष झालं म्हणे सोडून."

"सोडली असेल. जळलेलं निघत नाही, एवढं सांग."

"तू ना, एक दिवस कुणाचा तरी संसार मोडशील," रेडिओ म्हणाली आणि हसत पडद्याआड गेली. ती मात्र नख त्या कडेवर ठेवून तशीच उभी राहिली. वाफेच्या नळीतून पाणी ठिबकत होते, मागच्या मोठ्या यंत्राचा ढोल एका लयीत फिरत होता, आणि तिच्या तोंडाला एकाएकी लोखंडासारखी चव आली होती. मुलगी पोटात असल्यापासून ती कपड्यांवरचे डाग काढण्याचे काम करत होती. कपडा हातात आला की ती डागाचा रंग पाहत नसे, रंग फसवतो. ती कड पाही. चहा-कॉफी वाळताना कडेकडे सरकते आणि तिथे दाट रेघ ओढून ठेवते. तेलाची कड कुठे संपते ते सांगता येत नाही. रक्त धाग्याच्या आत शिरून बसते, त्याला थंड पाणीच लागते, गरम पाण्याने ते कायमचे होते. या सगळ्यांना उपाय आहे, कारण यांत वरून काहीतरी आलेले असते आणि खाली धागा शाबूत असतो. जळलेल्यात धागाच गेलेला असतो. म्हणून जळलेले कपडे ती बाजूला ठेवी, आणि त्या बाबतीत ती आजवर कधी चुकली नव्हती. गिऱ्हाईक कॉफी म्हणो, गंज म्हणो, धुण्याच्या सोड्याला शिव्या देवो, तिचे नख कडेवरून फिरले की निकाल लागला. ही अशीच कड गेले कित्येक दिवस ती रोज सकाळी पाहत होती. वेणी घालताना मुलीची हनुवटी डाव्या हाताने वर उचलली की ती समोर येई. डोळ्याखाली, गालाच्या हाडावर. मध्ये खोलगट, भोवती गोल.

सुरुवातीला तो लालसर फोड होता. मग त्याचे टोक बसले, खपली आली, खपली उशीला चिकटून निघाली आणि खालून हे उघडे पडले. त्या सकाळी तिने विचारले होते, "हे काय झालं गं?" आणि मुलीने उत्तर द्यायच्या आधी वडिलांकडे पाहिले होते. तो दारात बसून बूट चढवत होता. त्याने वर पाहिले नाही. "काही नाही," मुलगी म्हणाली. "दुखतंय?" "नाही दुखत." एवढी जखम, आणि दुखत नाही! सात वर्षांचे मूल गुडघा खरचटला तर घर डोक्यावर घेते. हे वाक्य मुलीचे नव्हते, कुणीतरी तिच्या तोंडात ठेवलेले होते. मग तो उठला, आपल्या हत्यारांच्या पेटीतून पिवळी ट्यूब काढली आणि काही न बोलता बोटाने मुलीच्या गालावर मलम लावले. भाजल्यावरचे मलम. वेल्डिंगवाल्यांच्या पेटीत ते असायचेच, त्याच्या दोन्ही हातांवर ठिणग्यांचे इतके व्रण होते की नवा कोणता आणि जुना कोणता हे तोही सांगू शकला नसता. पण त्याने हे काय आहे असे विचारले नव्हते. जखम पाहून जो माणूस न विचारता भाजल्याचे मलम आणतो, त्याला ती भाजल्याची आहे हे ठाऊक असते. ती तिथेच, हातात फणी धरून, हा हिशेब करत उभी होती. तो कुठूनही केला तरी उत्तर तेच येत होते.

तिने त्याला विचारले नाही. विचारणे म्हणजे उत्तर घेणे, आणि उत्तर घेतले की पुढचे पाऊल टाकणे भाग होते. ते पाऊल कोणते हे तिने त्याला फार पूर्वी सांगून ठेवले होते. मुलगी रांगत होती तेव्हाची गोष्ट. भांडण कशावरून झाले ते आता तिला आठवतसुद्धा नाही. आठवतो तो कपाटाचा दरवाजा, त्यावर आपटलेले तिचे डोके, आणि मग डाव्या कानात सुरू झालेला पाण्याखालचा आवाज, जो पुढे कधी पूर्ण थांबलाच नाही. तेव्हापासून रस्त्यात चालताना ती सगळ्यांना उजवीकडे घेत असे. दवाखान्यात तिने दारावर आपटले म्हणून सांगितले. तो तिच्यामागे उभा होता, आणि घरी परतताना रडला होता. नंतरही प्रसंग आले. खांदा, दंड, एकदा केसांना धरून पलंगापासून न्हाणीपर्यंत. दरवेळी नंतर तो मऊ होई, हळू बोले, घरातला बिघडलेला नळ नाहीतर लुळी पडलेली खुर्ची दुरुस्त करायला घेई, आणि त्या ठाकठोकीच्या आवाजात ती स्वतःला समजावी. मात्र एकदा, ओठ फुटलेला असताना, ती त्याला म्हणाली होती, "मला केलंस ते केलंस. तिच्यावर हात उचललास तर त्या दिवशी आम्ही दोघी इथे नसू." त्याने मान हलवली होती. आणि खरेच, मुलीला त्याने कधी बोटही लावले नव्हते. तिला तो कप्तान म्हणे, तिच्या हुकुमावर कारखान्यात हातोडा थांबवी. या एका गोष्टीवर तिने इतकी वर्षे घर उभे ठेवले होते. भिंती कशाही असोत, एक तुळई शाबूत आहे, असे ती मनाशी म्हणे.

आता तुळईच गेली होती आणि ती तरीही त्याच छपराखाली झोपत होती. रोज सकाळी ठरवी, आज निघायचे. ताई फोनवर नेहमी म्हणे, "ये की गं कधीही, गादी तर घालायचीय." रोज संध्याकाळी ती भाजी चिरत असे. त्याच्या शेजारी पडून, त्याचा श्वास उजव्या कानाने ऐकत, ती त्याला वेगवेगळ्या रीतींनी मारी. दुकानातल्या तपकिरी बाटलीतले द्रावक, ज्याने रंगसुद्धा कपड्याला सोडून जातो, ते त्याच्या डोळ्यांत. वाफेची नळी त्याच्या तोंडात. मग तिला स्वतःचीच किळस येई. मारण्याची नव्हे, न निघण्याची. शाळेत बाई विचारतील म्हणून तिने मुलीच्या गालावर चिकटपट्टी लावली आणि सांगितले, "कुणी विचारलं तर पडले म्हणायचं." मुलीने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. तिच्या तोंडात एक खोटे त्याने ठेवले होते, आता दुसरे आईने ठेवले. दवाखान्यात नेले नाही त्याचेही कारण तेच. डॉक्टर विचारतील, लिहून घेतील, आणि पहिला प्रश्न असेल, बाई, इतके दिवस तुम्ही काय करत होतात?

कोट घडी करून तिने बाजूच्या फळीवर ठेवला, अंगातला डगला काढला आणि रेडिओला डोके दुखतेय म्हणून सांगून ती वेळेआधीच निघाली. कारखाना दुकानांच्या रांगेमागे होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पुढे अंगण, अंगणात पाडलेल्या भिंतीच्या विटांचा ढीग, आणि उरलेल्या भिंतीला भेगा, इतक्या रुंद की बोट आत जावे. शेजाऱ्याचे कोंबड्यांचे खुराडे त्या भिंतीला टेकून होते. ओल, पिसे आणि विष्ठा यांचा आंबूस वास तिथे कायम भरून राहिलेला. शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत मुलगी इथेच असायची. आजही ती विटांच्या ढिगापाशी उलट्या पिंपावर बसून पाय खाजवत होती. उन्हे उतरली होती. शेडमध्ये तो वाकून खिडकीची जाळी जोडत होता, आणि निळ्या उजेडातून ठिणग्या जमिनीवर सांडून फुटत होत्या.

"इथे काहीतरी चावतं," मुलगी म्हणाली.

"डास असतील."

"डास गातात. हे गात नाही."

पण मुलगी तिच्या डाव्या बाजूला होती, शब्द नीट पोचले नाहीत, आणि तिचे स्वतःचे लक्ष ठिणग्यांकडे होते. ती त्याच्या हातातल्या सळईच्या लालभडक टोकाकडे पाहत होती. केवढे असते ते टोक? वाटाण्याएवढे.

घरी आल्यावर तिने इस्त्री तापत ठेवली आणि मुलीचा शाळेचा झगा टेबलावर पसरला. हे काम ती शांतपणे करू शके, हात आपोआप चालत. तो हातपाय धुऊन आला, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि पेटीतून ती ट्यूब काढली. "या कप्तान, औषधाची वेळ झाली." मुलगी गेली. निमूट गेली, चिकटपट्टी स्वतःच काढली आणि चेहरा वर करून डोळे मिटले. त्याने डावा हात टेबलावर टेकला, उजव्या हाताचे बोट गालावर ठेवले, आणि खालच्या आवाजात विचारले, "आईला सांगितलं नाहीस ना?" मुलीने मान हलवली. "शहाणी माझी ती."

हे तिच्या उजव्या कानावर आले, स्वच्छ. नंतर तिला वाटत राहिले की मध्ये काहीतरी असायला हवे होते, एखादा विचार, निदान एक श्वास. काही नव्हते. इस्त्री झग्यावरून उचलली आणि त्याच्या टेकलेल्या हातावर ठेवली, आणि ठेवली एवढेच नव्हे, दुसरा हात मुठीवर आणून तिने सगळे अंग तिच्यावर टाकले. आवाजाच्या आधी वास आला. लोकर जळल्याचा, केस जळल्याचा. तिच्या धंद्यातला ओळखीचा वास, आणि त्याच्याखाली एक नवा, गोडसर. मग तो ओरडला. माणसाच्या तोंडून असा आवाज तिने ऐकला नव्हता. त्याने मोकळ्या हाताने तिला ढकलले, ती भिंतीवर जाऊन आदळली, खुर्ची पडली, इस्त्रीची वायर ताणून तुटली. पण इस्त्री तिच्या हातात होती आणि तिने ती त्याच्या तोंडासमोर धरली.

"परत तिला हात लाव. लाव ना! तोंडावर ठेवीन, डोळ्यांवर ठेवीन!"

तो लागला नाही तिच्या मागे. मनगट धरून गुडघ्यांवर बसला आणि पुढेमागे हलू लागला. तिच्या अंगात काहीतरी गरम, मोकळे पसरत होते, पायांच्या बोटांपर्यंत. ते सुख होते. इतक्या वर्षांत त्याला कपाटापाशी, न्हाणीपाशी काय मिळत आले असेल ते तिला एका क्षणात कळले, आणि ते अजून थोडे हवे असेही वाटले. मग तिला टेबलाखालून दोन पाय दिसले. मुलगी रडत नव्हती. ती दोन्ही हातांनी टेबलाचा पाय धरून बसली होती आणि आईकडे पाहत होती.

सकाळी हात सुजून भाकरीच्या गोळ्यासारखा झाला होता. मुलीला ठेवायचे कुणाकडे म्हणून तिघेही सरकारी रुग्णालयात गेले. मलमपट्टी करणाऱ्याने बांधलेले फडके सोडवले आणि विचारले, "कशानं?"

"कामावर," तो म्हणाला. "गरम लोखंड पडलं."

मलमपट्टीवाल्याने त्या त्रिकोणी जखमेकडे पाहिले, मग तिच्याकडे. "मोठं बेतानं पडलेलं दिसतंय," तो म्हणाला आणि कापूस भिजवू लागला. तिने मान खाली घातली. दारावर आपटले म्हणून सांगणारी बाई आणि तिच्यामागे उभा असलेला नवरा तिला आठवले. जागा बदलल्या होत्या एवढेच. पट्टी बांधून झाल्यावर तो माणूस मुलीपाशी वाकला, गालावरची चिकटपट्टी त्याने नखाने सोडवली आणि त्याचा चेहरा बदलला. "हिला कुणाला दाखवलंत का? वरच्या मजल्यावर जा. त्वचेच्या डॉक्टर आहेत. आत्ताच जा."

डॉक्टर वयस्कर होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी भिंगातून गाल पाहिला. आता, तिला वाटले, आता विचारतील. "दुखतं का गं?" "नाही," मुलगी म्हणाली. डॉक्टरांनी मान डोलावली, जणू हेच उत्तर त्यांना हवे होते. "संध्याकाळी कुठं खेळतेस?" बाबांच्या कारखान्यात. "तिथं काय काय आहे?" विटा, पिंप, कोंबड्या. त्यांनी जखमेची कड पात्याने अगदी हलकी खरवडली, ते काचेवर घेतले आणि तपासायला पाठवले. निरोप आला तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढला.

"गालावर भाजल्याचं मलम दिसतंय, पण भाजलेलं नाही हे. वाळूमाशी चावलीय."

"माशी?" ती म्हणाली.

"डासापेक्षा लहान. दिसत नाही, आवाज करत नाही. साध्या मच्छरदाणीतून आरपार जाते. पडक्या भिंतींच्या भेगा, ओल, कोंबड्या-जनावरांची जागा, तिथं राहते आणि दिवस मावळताना चावते. चावते तेव्हा एक जंतू आत सोडते. फोड येतो कित्येक आठवड्यांनी, त्यामुळे कुणाला आठवतच नाही. दुखत नाही, म्हणून कुणी आणतही नाही. चामडीपुरतं आहे हे नशीब समजा. याचाच दुसरा प्रकार पोटात उतरतो, ताप हटत नाही, प्लीहा वाढत जाते आणि औषध मिळालं नाही तर माणूस जातो. हिला सुया द्याव्या लागतील. बरी होईल. वण मात्र राहील."

"ठिणगी नाही?" त्याने विचारले.

"कसली ठिणगी?"

"माझ्या कामाची." त्याचा आवाज चिरकला. "एकदा ही जवळ उभी होती, लागलं म्हणून ओरडली होती. मला वाटलं, त्याचंच चिघळलंय. घरी कळलं असतं तर हिला परत येऊ दिलं नसतं तिकडे. म्हणून मीच मलम..." तो थांबला. डॉक्टरांनी त्याचा बरा हात धरून उजेडात वळवला. कोपराजवळ दोन जखमा होत्या, जुन्या व्रणांच्या गर्दीत बेमालूम मिसळलेल्या. "आणि या?" "या ठिणग्यांच्या." "या पण माशीच्या. तुम्हालाही सुया." मग त्यांनी बांधलेल्या हाताकडे बोट दाखवले. "भाजलेलं कसं असतं ते तुम्हाला या हातानं कळायला हवं होतं."

तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. ती कड आठवत होती, उंच, गोल, नखाला अडवणारी. जन्मात एकदा चुकली ती इथे चुकली. आणि त्याहून वाईट असे काहीतरी मनाच्या तळाशी हलत होते: आपल्याकडून काहीतरी काढून घेतले गेले आहे असे. जायला एक कारण होते, जगाला दाखवता येईल असे, मुलीच्या गालावर कोरलेले. ते आता माशीचे झाले.

सुई जखमेच्या कडेतच द्यायची होती, चारी बाजूंनी थोडी थोडी. "दुखेल," डॉक्टर मुलीला म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? डोकं हलता कामा नये. कुणी धरायचं तुला, आईनं की बाबांनी?" मुलीने एकदा बाबांच्या पांढऱ्या पट्टीतल्या हाताकडे पाहिले, एकदा आईच्या हातांकडे. "सिस्टरनी," ती म्हणाली. सिस्टर हसली, पण डॉक्टर हसल्या नाहीत. "बरं. तुम्ही दोघं बाहेर थांबा."

बाहेर लाकडी बाक होता. ती त्याच्या डावीकडे बसली, म्हणजे चांगला कान त्याच्या बाजूला आला. दार लागले आणि थोड्या वेळाने आतून किंकाळी आली, मग दुसरी. त्याने डोळे मिटून घेतले.

"तुला वाटलं मी केलं," तो म्हणाला.

"हो."

"मी? तिला?"

तिने मान वळवून बंद दाराकडे पाहिले.

"विचारायचंस तरी एकदा."

"विचारल्यावर तू काय करतोस ते मला माहीत आहे."

आतला आवाज आता हुंदक्यांवर आला होता. तो तिच्याकडे वळला. "पण आता कळलं ना? मी नव्हतो. माशी होती."

"गालावर माशी होती," ती म्हणाली. बाकीचे तिने उच्चारले नाही. तेही त्याला ऐकू गेले, कारण त्याची नजर तिच्या पलीकडच्या, डाव्या कानाच्या दिशेने गेली आणि तिथून झटकन निघाली. "आम्ही दोघी ताईकडे जातोय. सुयांना मी आणीन तिला. आजच निघू."

तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते तिला जास्त लागले. त्याने पट्टीतला हात मांडीवरून उचलून दोघांच्या मध्ये धरला. "माझ्यापासून नेतेस तिला. ने. पण मग तुझ्यापासून कोण नेणार?"

माझे निराळे होते, असे म्हणता आले असते. मी तिच्यासाठी केले, असेही. पण तिला टेबलापाशीचे ते गरम, मोकळे पसरत जाणे आठवले, आणि त्यात मुलगी कुठेच नव्हती. दार उघडले. सिस्टरने मुलीला उंबऱ्याबाहेर ठेवले, "वाघीण आहे हो तुमची," म्हणाली आणि परत आत गेली. मुलीचा गाल सुजला होता, त्यावर नवी पांढरी पट्टी होती, नाक वाहत होते. आई पटकन उठली आणि ते पुसायला तिने हात पुढे केला.

मुलीने कोपर वर उचलून तोंड झाकले, खांदा कानापर्यंत नेला आणि मान दुसऱ्या बाजूला वळवली. ही हालचाल तिला कुणी शिकवली नव्हती. ती आईची होती. नवऱ्याचा हात वर जाई तेव्हा कोपर नेमके असेच वर येई.

बाकावरून त्यानेही ते पाहिले. ती सावकाश खाली बसली, तिथेच, फरशीवर, मुलीच्या उंचीला. दोन्ही तळहात तिने आपल्या मांड्यांखाली घातले आणि वजन टाकून दाबून धरले, बोटे बधिर होईपर्यंत. "मी हात नाही काढणार," ती म्हणाली. "तू सांगशील तेव्हाच काढीन." मुलीने कोपराच्या आडून एका डोळ्याने पाहिले. बाजूने माणसे ये-जा करत होती, कुणीतरी वाट सोडा म्हणून ओरडले. मुलगी कोपर खाली घेत नव्हती, पण मागेही सरत नव्हती. आणि ती हातांवर बसून वाट पाहत राहिली.